तार जाऊ द्या, घराचा फोन राहू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

महोदय,

लँडलाइनविषयी हल्ली जे लिहिले जाते ते बहुतेक शोकसभेतल्या भाषणासारखे असते. काळा जड रिसीव्हर, गोल डायल, ट्रंक कॉलची वाट पाहणे, शेजाऱ्यांचे निरोप. हे पत्र त्या जातीचे नाही. आमच्या आठवणी जपण्यासाठी प्राधिकरणाने नियम करावेत, असे कोणी म्हणू नये. माझे म्हणणे रोकडे आहे. तांब्याच्या तारेवरच्या फोनबरोबर ग्राहकाला काही गोष्टी न मागता मिळत होत्या. घरातली वीज गेली तरी तो फोन चालत असे. त्याचा क्रमांक एका पत्त्याला बांधलेला असे. घरातल्या कोणीही तो उचलावा, कोणीही फिरवावा, त्यासाठी पासवर्ड लागत नसे. यांतली एकही गोष्ट कोणी कायदा करून दिलेली नव्हती. तारेच्या अंगच्या गुणामुळे ती आपोआप मिळे. आता तार बदलते आहे, तांब्याच्या जागी काचतंतू येतो आहे, आणि या गोष्टी एकेक करून गळत आहेत. तेही कोणी ठरवून केलेले नाही. जे काल तारेने दिले ते उद्या नियमाने द्यावे लागेल, आणि तो नियम करण्याचे काम आपल्याकडे येते. 1997च्या ज्या कायद्याने ट्राय अस्तित्वात आले त्याच कायद्याच्या कलम 11ने सेवेचा दर्जा ठरवण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे, म्हणून हे पत्र मंत्रिमहोदयांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

पहिला आक्षेप अर्थातच असा की, आता घरी फोन ठेवतो कोण? आपल्याच प्राधिकरणाचे आकडे याचे जरा वेगळे उत्तर देतात. 2006च्या सुमारास देशात जवळपास पाच कोटी तारेचे फोन होते. 2003मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, हँडसेट स्वस्त झाले, आणि लँडलाइनची घसरण सुरू झाली. 2020पर्यंत हा आकडा दोन कोटींच्या आसपास आला. कथा इथेच संपली असती तर या पत्राला फारसा अर्थ नव्हता. पण त्यानंतर आकडा पुन्हा चढू लागला, तीन कोटींच्या पलीकडे गेला. ऑगस्ट 2022मध्ये तर रिलायन्स जिओने तारेच्या जोडण्यांत बीएसएनएललाही मागे टाकले. ही वाढ तांब्याची नाही. घराघरांत ब्रॉडबँड आले, त्याबरोबर राउटरच्या पाठीमागे फोनचे एक भोक आले आणि कंपनीने एक क्रमांक देऊ केला. अनेकांनी त्यात कधी यंत्र खोचलेही नसेल, हे खरे. तरी दिसते ते असे की घराचा फोन मरत नाही, त्याची जात बदलते आहे. आणि आपल्या मासिक निवेदनात मात्र तांब्यावरचा फोन आणि काचतंतूवरचा फोन ‘वायरलाइन’ या एकाच शीर्षाखाली बसतात. ज्यांचे गुणधर्म इतके वेगळे, त्यांची बेरीज करून काय कळते?

हा फरक कुठे आहे ते सविस्तर सांगायला हवे, कारण ग्राहकाला तो कोणी सांगत नाही. जुन्या पद्धतीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांची मोठी रांग असते, तिच्या जोडीला डिझेल जनरेटर. तांब्याच्या दोन तारांची एक जोडी तिथून निघते, रस्त्याखालच्या केबलमधून, कोपऱ्यावरच्या कॅबिनेटमधून, इमारतीच्या डीपी बॉक्समधून घरात पोहोचते. त्याच जोडीतून आवाज येतो आणि त्याच जोडीतून फोनला लागणारी वीजही येते. म्हणून साधा वायरवाला फोन घरात अंधार असला तरी वाजतो. त्याला महावितरणची, बेस्टची, कोणाचीही गरज नसते. काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातल्या राउटरच्या डब्याला भिंतीवरच्या प्लगमधून वीज घ्यावी लागते. लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. ग्राहकाच्या हातात तेच यंत्र, भिंतीजवळ तेच टेबल, क्रमांकही तसाच दिसणारा. पण ज्या रात्री त्याची खरी गरज पडेल त्या रात्री तो बंद असण्याची शक्यता सर्वांत जास्त. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई आणि आसपासच्या शहरांची वीज एकदम गेली, लोकल थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. वीज जात नाही असा लौकिक असलेल्या शहराची ही गत. विदर्भ-मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी वादळी पावसात रात्र रात्र वीज नसणे ही बातमीसुद्धा होत नाही.

इतर देशांना हा प्रश्न आपल्याआधी पडला. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2015मध्ये नियम केला की घरातल्या विजेवर चालणारी फोनसेवा देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला आठ तास चालेल अशा बॅटरीचा पर्याय द्यावा, आणि पुढे तो चोवीस तासांवर न्यावा. खर्च ग्राहकाचा, पण सांगण्याची आणि उपलब्ध करून देण्याची सक्ती कंपनीवर. ब्रिटनमध्ये ऑफकॉमने ठरवले की जे लोक लँडलाइनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी आपत्कालीन क्रमांक लावता आला पाहिजे. तरीही तिथे चूक झालीच. वृद्धांच्या गळ्यात किंवा मनगटावर असलेली मदतीची बटणे जुन्या लाइनीला जोडलेली होती. लाइन बदलल्यावर काही बटणे चालेनात. गंभीर प्रसंग घडले तेव्हा, 2023च्या अखेरीस, कंपन्यांना सक्तीची बदली थांबवावी लागली, आणि जुने जाळे बंद करण्याची डिसेंबर 2025ची मुदत जानेवारी 2027वर गेली. कॅलिफोर्नियात एटी अँड टीने घरोघर फोन देण्याच्या बंधनातून सुटका मागितली, ती तिथल्या नियामकाने जून 2024मध्ये नाकारली. हे दाखले ‘परदेशात आहे म्हणून इथेही हवे’ या आपल्या जुन्या खोडीतून देत नाही. ज्या देशांत वीज क्वचित जाते त्यांनीसुद्धा या प्रश्नाला नियम करण्याजोगा मानले, एवढेच म्हणायचे आहे. भारनियमन हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे त्यांनी तो आधी मानायला हवा होता.

आणि यात तांत्रिक अडचण फार मोठी नाही. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या काचतंतूच्या वाटेवर जे विभाजक असतात त्यांना वीज लागत नाही. एक्स्चेंजच्या टोकाला बॅटऱ्या असतातच. म्हणजे प्रश्न उरतो तो फक्त घरातल्या डब्याचा, आणि तो डबा थोडक्या वॉटवर चालतो. तो काही तास चालवणारी छोटी बॅटरी आज बाजारात हजार-दोन हजारांत मिळते. लोक ती विकत घेतातही, पण घेतात ती इंटरनेट सुरू राहावे म्हणून, आणि घेतात ते ज्यांना हे माहीत आहे असे लोक. ज्यांनी घ्यायला हवी ते म्हातारे जोडपे समजत असते की आपला फोन पूर्वीसारखाच आहे. (जिथे स्थानिक केबलवाला जिन्यातल्या स्विचमधून साधी वायर घरात आणतो तिथे हे गणित बिघडते, कारण तो स्विचही सोसायटीच्या विजेवर असतो. अशा जोडणीला घराचा फोन म्हणून विकायची परवानगी कोणत्या अटींवर द्यायची, हाही आपल्याच टेबलावरचा विषय.)

आता मोबाइलवाल्यांचा सर्वांत जोरदार आक्षेप घेऊ. टॉवरलाही बॅटरी असते, जनरेटर असतो. खिशातल्या फोनचे चार्जिंग दिवसभर पुरते. मग घरात दुसरा फोन कशाला? रोजच्या दिवसासाठी हा आक्षेप बिनतोड आहे. पण एका टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातले सगळे लोक वाटून घेतात, आणि रोजच्या दिवशी सगळे एकाच वेळी बोलत नाहीत या गृहीतावर ती बेतलेली असते. 11 जुलै 2006च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मुंबईतला प्रत्येक माणूस एकाच वेळी कोणाला तरी शोधत होता, आणि मोबाइलचे जाळे त्या भाराखाली दबले. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की 26 जुलै 2005च्या पुरात, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, मोबाइलबरोबर लँडलाइनही लाखोंच्या संख्येने बंद पडल्या. बॅटऱ्या असल्या म्हणून पाण्याखाली केबल आणि एक्स्चेंज टिकतेच असे नाही. तेव्हा तार म्हणजे अमरत्वाचा पट्टा आहे असा दावा कोणी करू नये, मी तर नाहीच. दावा याहून लहान आहे आणि म्हणून टिकाऊ आहे. दोन वाटा वेगवेगळ्या कारणांनी बंद पडत असतील तर दोन्ही एकदम बंद पडण्याचा धोका एका वाटेपेक्षा कमी असतो. टॉवर गर्दीने गुदमरतो, तारेला गर्दी कमी बाधते. तार खोदकामाने तुटते, टॉवरला फावड्याची तेवढी भीती नसते. सरकारच्या हातानेही मोबाइल बंद होतो, हे विसरता येत नाही. काश्मीरमध्ये 5 ऑगस्ट 2019ला मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही थांबवले गेले. त्यातल्या लँडलाइन सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पूर्ववत झाल्या. पोस्टपेड मोबाइलवर बोलता यायला 14 ऑक्टोबर उजाडला. मधल्या सहा आठवड्यांत ज्याच्या घरी तारेचा फोन होता त्याच्या घरी शेजारपाजार रांगेत उभा होता. त्या निर्णयाबद्दल कोणाचे मत काहीही असो, बंद झालेला संपर्क सुरू करताना सरकारला आधी कोणता फोन सुरू करता आला, ते या तारखा सांगतात.

विजेचा आणि आपत्तीचा मुद्दा एवढ्यासाठी लांबवला की तो मोजता येतो. पण माझ्या मते घराच्या फोनची खरी बाजू दुसरीकडे आहे: तो एका माणसाचा नसतो. पोलीस ठाण्याचा क्रमांक म्हणून तिथल्या निरीक्षकाचा खासगी मोबाइल फलकावर लिहिला तर आपण ते चालवून घेणार नाही. साहेबांची बदली होते, साहेब झोपतात, साहेबांचा फोन बंद असतो. ठाणे मात्र तिथेच असते आणि आपल्याला बोलायचे असते ते ठाण्याशी. शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र, ग्रंथालय या सगळ्यांबाबत आपल्याला हे सहज पटते. घराबाबत मात्र आपण ते पंधरा-वीस वर्षांत सोडून दिले. आज चार माणसांच्या घराला चार क्रमांक असतात आणि घराला एकही नसतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला कोथरूडच्या फ्लॅटमधले वडील फोन उचलत नाहीत म्हणून काळजी वाटली, तर आईचा मोबाइल, मग शेजाऱ्यांचा मोबाइल, मग सोसायटीच्या सेक्रेटरीचा मोबाइल असा त्याचा प्रवास होतो. त्या फ्लॅटमध्ये जो कोणी असेल त्याच्याशी, रात्रपाळीच्या मदतनीस बाईंशी किंवा औषध द्यायला आलेल्या मुलाशी, बोलण्याची सोय नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021च्या आकड्यांत, 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या 54 टक्के निघाल्या. म्हणजे ‘प्रत्येकाकडे मोबाइल आहे’ हे वाक्य म्हणणाऱ्याने जवळजवळ निम्म्या बायका मोजल्याच नाहीत. मुले तर त्या मोजणीत येतच नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, आणि मुलांच्या हातातल्या पडद्याचा प्रश्न गाव म्हणून सोडवता येतो हे दाखवले. शहरातल्या पालकांची अडचण अशी की मुलाशी संपर्क हवा आणि पडदा नको, असे दोन्ही साधणारी वस्तू त्यांना दुकानात मिळत नाही. ती पूर्वी प्रत्येक बैठकीच्या खोलीत होती.

इथे एक आक्षेप बायकांच्याच बाजूने येईल आणि तो ऐकून घेतला पाहिजे. घराचा फोन म्हणजे घरातल्या कर्त्याचा फोन. डायलला छोटे पितळी कुलूप लावलेली घरे होती, एसटीडी बंद ठेवायचा गुप्त आकडा एकट्या वडिलांना माहीत असे, मुलीचा कॉल आला की संपूर्ण घर कान टवकारून बसे. स्वतःचा मोबाइल मिळाल्यावर अनेकींना पहिल्यांदा दार लावून बोलता आले. हे सगळे खरे आहे आणि मोबाइलने जे दिले ते परत घ्यावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण कुलूप लागले ते फोन दुर्मीळ होता म्हणून, बिलाची धास्ती होती म्हणून. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे, जास्त पैसे भरून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत नंबर लावावा लागे, त्या काळाची ती गोष्ट. आज ब्रॉडबँडबरोबर देशभरचे बोलणे फुकट मिळते. खासगी फोन आणि घराचा फोन यांत निवड करायची वेळ आता उरलेली नाही. दोन्ही असू शकतात, आणि ज्या बाईचा मोबाइल नवऱ्याने हिसकावून घेतला आहे तिला भिंतीवरचा फोन उपयोगी पडू शकतो.

फसवणुकीचा मुद्दा थोडक्यात. लँडलाइनवर भामटे येत नाहीत हे खरे नाही. कुरिअरच्या नावाने, दूरसंचार खात्याच्या नावाने धमकावणारे ध्वनिमुद्रित कॉल त्यावरही येतात आणि त्यावर भेटतात ती बहुधा वयस्कर माणसे. फरक इतकाच की तारेच्या फोनवरून कोणी पडदा पाहू शकत नाही, ओटीपी चोरू शकत नाही, व्हिडिओ कॉलवर दिवसभर डांबून ठेवू शकत नाही. तथाकथित ‘डिजिटल अटके’त माणसाचा मोबाइल त्याच्या हातात असूनही त्याचा नसतो. अशा घरात दुसरा फोन वाजला तर भुलीत खंड पडण्याची एक संधी मिळते. याहून मोठा दावा मी करणार नाही.

यानंतर येतो पत्त्याचा प्रश्न, आणि तो थेट आपल्या अलीकडच्या कामाशी जोडलेला आहे. 6 फेब्रुवारी 2025च्या शिफारशींत आपण राष्ट्रीय क्रमांक आराखडा बदलायला सुचवले आहे. आज लँडलाइनचे क्रमांक अडीच हजारांहून अधिक लहान क्षेत्रांत, साधारण तालुक्यागणिक, वाटलेले आहेत. ते पुढे मोठ्या सेवाक्षेत्राच्या पातळीवर दहा अंकी पद्धतीने वाटावेत, आणि लँडलाइनवरून लँडलाइनला लावतानाही आधी शून्य आणि एसटीडी कोड फिरवावा, असे आपले म्हणणे. जुने क्रमांक बदलायचे नाहीत, हे चांगले केलेत. शून्य फिरवायला कोणाची हरकत असू नये. जानेवारी 2021पासून मोबाइल लावताना तो आम्ही फिरवतोच आहोत. अडकून पडलेले, न वापरलेले क्रमांक मोकळे करायचे हा हेतूही रास्त. पण परिणाम पाहा. महाराष्ट्राचे सेवाक्षेत्र गोव्यासह मोजले जाते, मुंबईचे वेगळे. आज 0832 म्हटले की पणजीचा परिसर, 020 म्हटले की पुणे हे सांगावे लागत नाही. क्रमांक सेवाक्षेत्रभर वाटले जाऊ लागल्यावर गडचिरोलीपासून काणकोणपर्यंत तो धागा हळूहळू सैल होत जाईल. शिवाय काही कंपन्या घरचा क्रमांक मोबाइलमधल्या अ‍ॅपवरूनही वापरू देतात. क्रमांकाची गाठ जागेपासून सुटत असेल तर पत्त्याची नोंद तितकीच घट्ट व्हायला हवी. 112 या आपत्कालीन क्रमांकावर लँडलाइनवरून फोन आला तर इमारत, मजला, खोली हे सगळे उत्तर देणाऱ्याच्या पडद्यावर आपोआप आले पाहिजे. मोबाइल उपग्रहावरून स्थान सांगतो, हे मान्य. पण तो नकाशावरचा बिंदू असतो. तीस मजली इमारतीत त्या एका बिंदूवर शंभर घरे उभी असतात, आणि झटका आलेल्या माणसाला मजला सांगता येत नाही.

पैशांचा आक्षेप सरकारी बाजूने येईल. एमटीएनएलच्या डोक्यावर 30 हजार कोटींहून अधिक कर्ज आहे, 2024मध्ये तिने बँकांचे हप्ते थकवले, तिचा कारभार आता बीएसएनएलच पाहते. 2020च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन्ही कंपन्यांतून सुमारे 92 हजार लोक एका दिवशी बाहेर पडले. त्यांत कोणती जोडी कोणत्या खांबावरून कुठे जाते हे तोंडपाठ असलेले लाइनमन होते. रस्ता खोदला की केबल तुटते, तुटली की जोडायला माणूस नाही, फोन महिनोन्‌महिने डेड, कंटाळून ग्राहक यंत्र परत करतो. नंतर तोच आकडा ‘लोकांना लँडलाइन नको’ म्हणून वाचला जातो, याचा मला राग येतो. पण त्यावर उपाय म्हणून करदात्यांच्या पैशाने तांबे जिवंत ठेवा असे मी म्हणत नाही. तांबे जाऊ द्या. ते गंजते, चोरीला जाते, पावसात खरखरते. काचतंतू त्याहून सरस आहे. मागणी आहे ती नव्या तारेवर जुनी हमी बसवण्याची, आणि तिचा बोजा मुख्यतः एका छोट्या बॅटरीचा व एका नोंदवहीचा आहे. जिथे ग्राहकाला बॅटरी परवडत नाही तिथे पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीचा वारसा सांगणारा डिजिटल भारत निधी आहेच. एके काळी त्यातून ग्रामीण लँडलाइनला अनुदान मिळत होते. आणि प्राधिकरणाने मनावर घेतले तर नियमाने चित्र बदलता येते, हे आपणच 2015मध्ये दाखवले आहे: तारेचे जाळे वाढावे म्हणून लँडलाइन आणि मोबाइल यांच्यातल्या कॉलवरचे जोडणीशुल्क आपण शून्यावर आणलेत.

क्रमांक सोबत नेण्याची सोय मोबाइलला जानेवारी 2011मध्ये देशभर मिळाली, 2015मध्ये ती राज्याराज्यांच्या सीमाही ओलांडून गेली. घराच्या फोनला ती आजही नाही. परिणामी सरकारी कंपनीची डेड लाइन सोडून खासगी काचतंतू घेणाऱ्या कुटुंबाला बँक, विमा, शाळा, सोसायटी, नातेवाईक या सगळ्यांकडे असलेला क्रमांक टाकून द्यावा लागतो. ज्या वस्तूची सगळी किंमत तिच्या स्थैर्यात आहे तिचे स्थैर्य कंपनी बदलताच संपते, आणि मग लोक म्हणतात, नवा क्रमांक पाठ करायचा तर घरचा कशाला, मोबाइलच बरा. क्रमांकांचा आराखडा नव्याने मांडला जात असताना ही सोय त्यात घालणे सोपे. आराखडा ठरून गेल्यावर ती घालायला पुन्हा दहा वर्षे लागतील.

ऑक्टोबर 2024पासून लागू झालेल्या आपल्या दर्जाच्या नियमांत दुरुस्ती तीन दिवसांपलीकडे लांबल्यास ग्राहकाला भाड्यात सूट देण्याची तरतूद आहे. त्याच नियमांत वीज गेल्यावर फोन निदान किती तास चालला पाहिजे याचा आकडा घाला. मासिक निवेदनात तांबे आणि काचतंतू वेगवेगळे दाखवा. आणि जी कंपनी ग्राहकाला एका तारेवरून दुसरीवर नेईल तिने बदलीपूर्वी एक पान त्याच्या हातात द्यावे, इथे मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर पाच प्रश्नांची उत्तरे असावीत: लाइट गेल्यावर हा फोन चालेल का, चालेल तर किती वेळ, जुना क्रमांक राहील का, 112ला माझा पत्ता दिसेल का, आणि फोन बंद पडला तर कोणत्या माणसाला सांगायचे. हे पान वाचून ग्राहकाने सही केल्याशिवाय जुनी लाइन कापता येऊ नये.

कळावे,

आपला,
एक दूरध्वनी ग्राहक, मुंबई